स्वातंत्र्यलढ्याचे निर्णायक वर्ष : १९४२ की १९३०?

सुधाताई
रविवार, सकाळी १०.०५

गेल्या आठवड्यात आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "बाई, संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, मग दोन महिने थांबून २६ जानेवारीच का धरली?" उत्तर मला ठाऊक होते. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठावर झेंडा फडकला आणि त्यानंतर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळण्यात आला. त्याची आठवण राहावी म्हणून संविधान त्या तारखेपासून अमलात आणले. एवढे सांगून मी फळ्याकडे वळले, तर तिचा दुसरा प्रश्न आला. "पण तेव्हा स्वातंत्र्य मिळालंच नव्हतं. मग त्या लोकांनी साजरं काय केलं?"

मी तिला उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

स्वातंत्र्यलढ्याचे निर्णायक वर्ष कोणते असे विचारले, तर आपल्याकडे बहुतेक जण १९४२ म्हणतात. ऑगस्ट क्रांती मैदान आणि साताऱ्याचे प्रतिसरकार यांचा ठसा तेवढा खोल आहे आणि त्यात वावगे काही नाही. तरीही माझे मत असे झाले आहे, की हा मान १९३० चा आहे. त्या एका वर्षात महाराष्ट्रात काय काय घडले ते पाहा: एप्रिलमध्ये विलेपार्ल्याची छावणी, मे महिन्यात शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आणि सोलापूरचा लष्करी कायदा, पावसाळ्यात पुसद, संगमनेर, बिळाशी येथले जंगल सत्याग्रह, सप्टेंबरात चिरनेर, डिसेंबरात बाबू गेनू. तोवर सभांना जाणारे लोक आणि सभा न ऐकलेले लोक असे दोन वेगळे समाज होते. त्या नऊ महिन्यांत ते एकत्र आले असे मला वाटते.

आपले मत सांगावे. घरात त्या वर्षाची काही आठवण असेल, तर तीही अवश्य लिहावी. वर्गात मुलांसमोर ठेवायला मला त्याचा फार उपयोग होईल.

घाटवाट
रविवार, सकाळी ११.४०

विषय उत्तम, पण सुधाताई, मी असहमत आहे. वर्ष निर्णायक ठरते ते त्याच्या निकालावरून. १९३० च्या आंदोलनाचा निकाल काय लागला? ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. त्यात किनाऱ्यावरच्या लोकांना घरच्या वापरापुरते मीठ करण्याची मोकळीक मिळाली, सत्याग्रही कैदी सुटले, पण मिठावरचा कर होता तसाच राहिला आणि ज्यांच्यावर हिंसेचे आरोप होते ते तुरुंगातच राहिले. करारानंतर अवघ्या अठरा दिवसांनी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले. आमच्या राजगुरूंच्या खेडमधल्या माणसाला त्या कराराचे कौतुक कसे वाटावे?

याउलट १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात समांतर कारभार उभा केला. न्यायदान मंडळे बसली, तुफान सेना उभी राहिली, सावकारांना आणि गावगुंडांना जरब बसली. इंग्रज गेल्यानंतर देश कसा चालवायचा, याची ती प्रत्यक्ष तालीम होती. असे १९३० मध्ये कोठे घडले?

सोलापूरकर
रविवार, दुपारी १.२०

घाटवाट, असे १९३० मध्ये कोठे घडले याचे उत्तर आमच्या गावात आहे.

गांधीजींना ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथे अटक झाली आणि येरवड्याला नेण्यात आले. ही बातमी सोलापुरात पोहोचताच गिरण्या बंद पडल्या आणि कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून अटका झाल्या, जमावाने पोलिसांची वाट अडवली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. त्यानंतर संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली आणि त्यात पोलीसही मृत्युमुखी पडले. ही बाजू लपवण्याचे कारण नाही. पोलीस शहरातून मागे हटले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा लागू होईपर्यंतचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही नव्हती. त्या दिवसांत व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. आमच्याकडे आजही म्हातारी माणसे 'ते चार दिवस' एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कोणते ते विचारावे लागत नाही.

लष्करी कायदा जूनअखेरपर्यंत, म्हणजे जवळपास सात आठवडे चालला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा, झेंडा लावला तरी शिक्षा. नगरपालिकेने ६ एप्रिलला आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावला होता, त्याचाही राग सरकारच्या मनात होताच. माझे पणजोबा गिरणीत साचेवाले होते. त्यांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत तळाशी घालून ठेवली होती. ती बाहेर काढली तेव्हा तिच्या शिवणीत ज्वारीचे दाणे अडकलेले होते आणि पणजीने ते काढू दिले नाहीत, असे आजी सांगत असे. टोपी पुढे कोठे गेली ते घरात कोणालाच माहीत नाही, पण दाण्यांची गोष्ट चार पिढ्या टिकली आहे.

चौकी जाळल्याच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतली चार माणसे एकाच दिवशी गेली. करार त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच झाला. कराराविषयीची तुमची खंत मला पूर्ण समजते. तीच खंत आमच्या शहरानेही बाळगली आहे.

निनावी_वाचक
रविवार, दुपारी १.५५

सोलापूरकर, कणगीतल्या टोपीबद्दल मनःपूर्वक आभार. वाचनखूण साठवली आहे.

मिठागर
रविवार, सायंकाळी ६.३०

मी उरणचा. आमच्या घरात तीन पिढ्या मिठागरावर राबल्या आहेत, म्हणून एक मुद्दा मांडतो. इतिहासाच्या पुस्तकांत तो क्वचितच येतो.

मिठाचा हंगाम उन्हाळ्याचा असतो. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका खाचरातून दुसऱ्यात सोडत दाट करत न्यायचे आणि शेवटच्या खाचरात दाणा धरला की फळीने ओढून कडेला ढीग लावायचे. मार्च ते मे हे कामाचे महिने. मृगाचा पाऊस पडला की सगळे विरघळते, म्हणून त्याआधी मीठ झाकून ठेवण्याची घाई असते. आता दांडीयात्रेच्या तारखा पाहा. १२ मार्चला साबरमतीहून ७८ सहकाऱ्यांसह निघायचे, २४ दिवस चालायचे, ६ एप्रिलला मीठ उचलायचे. गांधीजींनी हंगामाचा विचार केला होता की नाही ते मी सांगू शकत नाही, पण ज्याने मीठ पिकवले आहे त्याला त्या तारखा अचूक वाटतात. शिरोडा मे महिन्यात, वडाळ्याच्या आगरांवरचे हल्ले मे-जूनमध्ये, धारासणा २१ मे रोजी.

मग पाऊस आला. कायदा मोडायला मीठच उरले नाही. आंदोलन तिथे विझू शकले असते, पण महाराष्ट्रात आणि वऱ्हाडात लोकांनी जंगलाचा कायदा हाती घेतला. पावसाळ्यात राखीव रानात गवत वाढते, आणि १९२७ च्या कायद्याने त्या रानातले गवत कापणे, लाकूड तोडणे, गुरे चारणे यांवर बंधने होती. लोकमान्यांचे अनुयायी बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदला जंगलाचा कायदा मोडला. हातातली फळी गेली आणि विळा आला, असे आमचे काका म्हणत. मीठ ही सगळ्या देशाची गोष्ट होती. गवत ही ज्याच्या दारात गाय आहे त्याची होती. म्हणून ती डोंगरातल्या वाडीपर्यंत पोहोचली.

आणि चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळरानावर लोक जंगलात शिरण्यासाठी जमले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या कातकरी होता. तेथे हजर असलेले मामलेदारही त्या गोंधळात मारले गेले. दरवर्षी त्या तारखेला स्मारकापाशी मानवंदना होते. मी लहानपणापासून जातो. पावसाळा सरत आलेला असतो, वाटेवर गुडघ्याएवढे गवत असते आणि पायाला काटे लागतात. ज्या गवतासाठी माणसे मेली ते पायाखाली तुडवत आपण स्मारकाकडे चाललो आहोत, हे लक्षात आले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

खारपाणपट्टा
रविवार, रात्री ८.१०

मिठागर यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. आमच्या अकोल्याकडे समुद्र नाही, तरीही मिठाचा सत्याग्रह झाला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या पट्ट्यात विहिरींना खारे पाणी लागते. ते ना पिण्याच्या कामाचे, ना शेताच्या. एप्रिल १९३० मध्ये दहीहंडा येथे ते पाणी कढईत आटवून लोकांनी मीठ काढले आणि कायदा मोडला. ज्या पाण्याला आमच्या आयाबाया जन्मभर बोल लावत आल्या, त्याचा देशाला उपयोग झाला तो तेवढ्या एकदाच.

ते मीठ खाण्याजोगे होते का, असे मी आजोबांना विचारले होते. त्यांनी सांगितले, की कडू होते, पण प्रसादासारखे चिमूटभर सगळ्यांनी जिभेवर ठेवले.

गोदाकाठ
रविवार, रात्री ९.२५

सर्व प्रतिसाद आदराने वाचले. एक गोष्ट मात्र धाग्यात अजून आलेली नाही आणि ती आल्याशिवाय १९३० पुरे होत नाही.

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना मिठाच्या कायद्याबद्दलचे ते प्रसिद्ध पत्र लिहिले. त्याच दिवशी, २ मार्चलाच, नाशिकमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने मंदिरापाशी गेले आणि दरवाजे बंद करण्यात आले. त्यानंतर एप्रिलमध्ये रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. तो सत्याग्रह काही वर्षे चालला, पण दरवाजा उघडला नाही. माझ्या आजोबांचे वडील त्या रांगेत बसत. मीठ उचलणाऱ्यांना सरकारच्या लाठ्या खाव्या लागल्या. यांना गावच्याच माणसांचे दगड खावे लागले.

त्यामुळे सुधाताई, आपण लिहिले आहे की दोन वेगळे समाज त्या नऊ महिन्यांत एकत्र आले, ते मला मान्य करता येत नाही. काही एकत्र आले आणि काहींना दाराबाहेर ठेवले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजी राज्याने दलितांचे भले केले नाही हे स्पष्टपणे मांडले आणि नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेतही हाच मुद्दा सरकारला तोंडावर ऐकवला. काँग्रेस त्या परिषदेला गेली नव्हती. स्वातंत्र्य हवे होते ते दोघांनाही, पण त्यात आपली जागा कोणती, हा प्रश्न एका बाजूला विचारावा लागत होता आणि दुसऱ्या बाजूला तो पडतच नव्हता.

सुधाताई
सोमवार, सकाळी ७.१५

गोदाकाठ, आपले म्हणणे मी स्वीकारते आणि माझे वाक्य मागे घेते. २ मार्चच्या दोन्ही घटना मला स्वतंत्रपणे माहीत होत्या. त्या एकाच तारखेच्या आहेत हे इतक्या वर्षांच्या अध्यापनात एकदाही माझ्या ध्यानात आले नाही, याचे मला वाईट वाटते. एक कारण असे, की पाठ्यपुस्तकात त्या दोन वेगळ्या प्रकरणांत येतात आणि आम्ही त्या वेगवेगळ्या महिन्यांत शिकवतो. या वर्षी मी त्या एकाच तासाला शिकवणार आहे.

मिठागर, पावसाचा मुद्दा मला पूर्णपणे नवा आहे.

झेंडेकरी
सोमवार, सकाळी ९.३०

एक छोटी दुरुस्ती. वर झेंड्याचे उल्लेख आले आहेत. वाचताना अनेकांच्या डोळ्यांपुढे केशरी, पांढरा आणि हिरवा असा झेंडा येईल. १९३० मध्ये लोकांच्या हाती जो झेंडा होता त्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली तांबडा असे पट्टे असून त्यांवर चरखा होता. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा हे रूप काँग्रेसने ऑगस्ट १९३१ मध्ये स्वीकारले. शाळांतल्या नाटकांत नेहमी चूक होते, म्हणून लिहिले.

सुधाताई
सोमवार, सकाळी ९.५०

आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या चित्रातही हीच चूक आहे. सुट्टीत रंगवून घेते.

इतिहासाचा_विद्यार्थी
सोमवार, दुपारी २.४५

महाराष्ट्राबाहेरही थोडे पाहावे, म्हणजे सुधाताईंच्या मताला आणखी आधार मिळतो आणि एक अडचणही दिसते.

१८ एप्रिल १९३० रोजी सूर्य सेन आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी चितगावच्या शस्त्रागारावर छापा घातला. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफार खान यांच्या अटकेविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि त्या वेळी गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली यांच्या तुकडीने निःशस्त्र लोकांवर गोळी चालवण्यास नकार दिला. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. माझ्या मते संपूर्ण वर्षातली सरकारला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच असली पाहिजे. मीठ उचलणाऱ्याला पकडता येते, पण पकडणाऱ्याचाच हात थांबला तर राज्य चालवायचे कशावर? मुंबईतले १९४६ चे नौदलाचे बंड आपल्याला आठवते; त्याची पहिली खूण सोळा वर्षे आधी पेशावरच्या रस्त्यावर दिसली होती.

पेशावरचे हिंदू सैनिक मुसलमान जमावावर गोळी झाडत नाहीत, हे एप्रिलमध्ये घडले. त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, अलाहाबादेत मुस्लिम लीगच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून मुहम्मद इक्बाल यांनी वायव्येकडील मुस्लिमबहुल प्रांतांचे एक राज्य व्हावे हा विचार मांडला. म्हणजे १९४७ मध्ये जे दोन्ही घडले, स्वातंत्र्य आणि फाळणी, त्या दोन्हींच्या वाटा १९३० मध्ये दिसू लागल्या होत्या. निर्णायक वर्ष म्हणताना आपण केवळ आनंदाच्या गोष्टी त्याच्या पदरात टाकू नयेत, एवढेच सुचवावेसे वाटते.

शेतीच्या मालाचे भाव जगभरच्या मंदीने त्याच काळात कोसळत होते, सारा मात्र ठरलेला तोच होता. खेड्यांतून एवढा प्रतिसाद का मिळाला, याचे एक कारण तेही आहे.

गिरगावची_लेक
सोमवार, रात्री १०.०५

आतापर्यंतच्या प्रतिसादांत बायका फार थोड्या दिसल्या, म्हणून लिहिते. दांडीयात्रेत गांधीजींनी बायकांना घेतले नव्हते, पण मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले चौपाटीवर मीठ करायला उतरल्या आणि त्यानंतर बायकांची जी रांग लागली ती थांबली नाही. देशसेविका परदेशी कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहत. धारासण्याच्या तुकडीचे नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होते.

माझी पणजी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चाळीतल्या बायकांबरोबर ती पहाटे प्रभातफेरीला जात असे. सासऱ्यांची परवानगी नव्हती, म्हणून पाणी भरायला जाते असे सांगून ती घागर घेऊन बाहेर पडायची, घागर जिन्याखाली ठेवायची आणि फेरी संपली की भरून वर आणायची. एके दिवशी अटका झाल्या आणि घागर तशीच राहिली. संध्याकाळी सासरे स्वतः खाली उतरले, त्यांनी घागर भरून वर आणली आणि त्याविषयी ते जन्मात एक शब्दही बोलले नाहीत. पणजी पाच दिवसांनी सुटून आली. दुसऱ्या पहाटे सासऱ्यांनीच दाराची कडी काढून ठेवली होती.

ती घागर माझ्याकडे आहे. तळाला दोन ठिकाणी डाग दिलेला आहे.

निनावी_वाचक
सोमवार, रात्री १०.२०

दाराची कडी.

घाटवाट
मंगळवार, सकाळी ८.४०

पहिला प्रतिसाद मी घाईत लिहिला होता. दोन दिवस वाचन केले, घरच्या वडीलधाऱ्यांशी बोललो आणि आता माझे मत थोडे बदलले आहे.

ज्या नाना पाटलांचे उदाहरण मी दिले, ते मुळात तलाठी होते. नोकरी सोडून ते चळवळीत उतरले ते १९३० मध्येच. बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यातच होती. तिथल्या लोकांनी सागवान तोडून त्याच्यावर झेंडा उभारला आणि सरकारी फौजफाट्याला तोंड दिले, हे ज्यांनी तरुणपणी पाहिले ते बारा वर्षांनी प्रतिसरकारच्या वेळी कर्तेसवरते झालेले होते. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'बिळाशीचं बंड' आणि 'पत्री सरकार' एकामागोमाग येतात, जणू एकाच गोष्टीचे दोन अध्याय आहेत. मी दुसऱ्या अध्यायाचे नाव घेऊन पहिला नाकारत होतो.

तरीही कराराबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. साठ हजारांच्या वर माणसे तुरुंगात गेली, त्या मानाने पदरात पडले ते थोडे होते. मात्र वर्षाचा निकाल केवळ करारात शोधायचा की त्या वर्षाने तयार केलेल्या माणसांत, हा प्रश्न सोलापूरकर आणि मिठागर यांच्यामुळे मला पडला. माणसांत शोधायचा असेल, तर सुधाताईंचे म्हणणे बरोबर आहे.

साचेवाल्याचा_नातू
मंगळवार, दुपारी १२.१५

तयार झालेल्या माणसांचा विषय निघालाच आहे, तर बाबू गेनूंबद्दल दोन शब्द. ते आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १९०८ चा जन्म, पोटासाठी मुंबईला येऊन गिरणीत लागलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाची लॉरी अडवण्यासाठी ते तिच्यासमोर गेले आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. वय बावीस. सरकारने त्याला अपघात म्हटले.

मला यात नेहमी एक गोष्ट हलवून जाते. ते स्वतः कापडाच्या गिरणीत काम करणारे होते. परदेशी गाठोडे म्हणजे काय आणि त्याने कोणाचा साचा बंद पडतो, हे त्यांना कोणी भाषणातून समजावण्याची गरज नव्हती. मिठागर यांनी गवताबद्दल जे लिहिले तेच इथे लागू पडते. त्या वर्षी ज्याने त्याने आपल्या हातातल्या कामाच्या जागी कायदा मोडला.

गोदाकाठ
मंगळवार, दुपारी १२.५०

साचेवाल्याचा_नातू, आपले शेवटचे वाक्य मंदिराच्या दारात बसलेल्यांनाही लागू होते. तेही आपल्याच गावात, आपल्याच दारी बसले होते.

इतिहासाचा_विद्यार्थी
मंगळवार, सायंकाळी ५.३०

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण सुधाताईंच्या विद्यार्थिनीला अजून उत्तर मिळालेले नाही. त्या लोकांनी साजरे काय केले?

२६ जानेवारी १९३० हा जानेवारीचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी गावोगावी जमून लोकांनी एक प्रतिज्ञा म्हटली. स्वातंत्र्य हा आमचा हक्क आहे. या राज्याने आर्थिक, राजकीय, सांस्कृतिक आणि आत्मिक असे चारही बाजूंनी देशाचे नुकसान केले आहे. ते यापुढे निमूटपणे सोसत राहणे हा अपराध होईल, असा तिचा आशय होता. प्रतिज्ञेत मिठाच्या कराचा स्पष्ट उल्लेख होता, आणि मीठ उचलले गेले त्यानंतर सत्तर दिवसांनी. तिला असे सांगता येईल, की त्या दिवशी मिळालेले काही साजरे केले नाही, शब्द दिला. आणि १९५० मध्ये ती तारीख निवडली ती त्या शब्दाला जागण्यासाठी.

सुधाताई
गुरुवार, सायंकाळी ७.४०

आज तो तास घेतला. फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या: '२ मार्च १९३०, साबरमती' आणि '२ मार्च १९३०, नाशिक'. त्यानंतर कणगीतली टोपी, जिन्याखालची घागर आणि दहीहंड्याचे कडू मीठ यांच्या गोष्टी सांगितल्या. कोणाच्या घरच्या आहेत ते अर्थातच सांगितले नाही. वर्ग इतका शांत मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मधल्या बाकावरच्या एका मुलाने नाशिकचा दरवाजा शेवटी कधी उघडला, असे विचारले आणि आम्ही त्यावरच पंधरा मिनिटे बोललो.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला 'शब्द दिला' हे उत्तर पटले. मात्र तास संपताना तिने आणखी एक प्रश्न विचारला: मिठावरचा कर अखेर गेला कधी? सांगितले, की १९४७ मध्ये हंगामी सरकारच्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. तिने बोटांवर मोजून सतरा वर्षे सांगितली आणि वहीत लिहून घेतली.

मिठागर, एक विनंती आहे. मुलांना मीठ तयार होताना पाहायचे आहे. समुद्राचे पाणी इकडे मिळत नाही. काही करता येईल का?

मिठागर
गुरुवार, रात्री ९.००

सुधाताई, पुढच्या आठवड्यात भाऊ तुमच्या बाजूला येणार आहे. भरतीचे गाळलेले पाणी पाच लिटरच्या दोन डब्यांतून पाठवतो. लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम मीठ निघेल. पसरट परातीत उन्हात ठेवा, चुलीवर पूर्ण आटवू नका. दाणे धरू लागले की उरलेले दाट पाणी ओतून टाका, कडवटपणा त्यात असतो. दहीहंड्याचे मीठ कडू लागले त्याचे कारण बहुधा हेच असावे. पत्ता खासगी निरोपातून कळवा.

खारपाणपट्टा
गुरुवार, रात्री ९.२०

मिठागर, आमच्या विहिरीचे पाणीही एक डबा पाठवतो. दोन्ही पराती शेजारी शेजारी ठेवून मुलांना चव पाहू द्या.